दुसऱ्याच्या जमिनीचं गाणं आपण गावं का? मिडनाइट ऑइल आणि आमचा बँड

गंगापूर नाका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका कॉलेज बँडमध्ये बेस वाजवते. प्रॅक्टिस इंदिरानगरला, ड्रमरच्या गच्चीवरच्या खोलीत. आतापर्यंत लोकांची गाणीच वाजवायचो. यंदा स्नेहसंमेलनात पहिल्यांदा स्वतःचं मराठी गाणं वाजवलं. विषय वनजमिनीचा. २०१८ ला इथल्या सीबीएस बसस्थानकावरून वनजमिनीच्या हक्कासाठी शेतकऱ्यांचा मुंबईपर्यंतचा लाँग मार्च निघाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. ती लाल टोप्यांची रांग डोक्यात राहिली होती, त्यातून हे गाणं आलं. धृपद असं आहे:

आम्ही कसली, आम्ही राखली,
नाव लागलं सरकारचं

कोणीतरी क्लिप व्हॉट्सॲपवर टाकली आणि दोन्हीकडून सुरू झालं. एक गट म्हणतो, गॅदरिंगला राजकारण कशाला, प्रेमाची गाणी म्हणा. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. पण दुसरे म्हणतात, गंगापूर रोडची पोरं आदिवासींचं दुःख गाऊन टाळ्या घेतायत, यांच्यातलं कोण पेठ-सुरगाण्याला, जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत, जाऊन आलंय? हे लागलं, कारण खरंच कोणी गेलेलं नाही. गिटारवाला म्हणतो गाणं काढून टाकू. गाणारी म्हणते, काढलं तर मी बँड सोडते.

एका सरांनी सांगितलं की मिडनाइट ऑइल ऐका, ऑस्ट्रेलियातल्या या बँडने हाच वाद आधी झेललाय. 'बेड्स आर बर्निंग' ऐकलं, अंगावर आलं. पण ज्यांनी हा बँड त्या काळापासून ऐकलाय त्यांच्याकडून कळायला हवं: त्यांनी नेमकं काय केलं? हे प्रश्न त्यांना कसे पडले? त्यातून बाहेर काही बदललं का? आणि आम्ही गाणं ठेवावं की नाही?

शरणपूर रोड

थोडक्यात सांगतो. बँड चांगला, गाणी दमदार, पण "गाण्याने बदल झाला" ही कथा फार गोड आहे. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क देशभर कायद्याने मान्य झाला तो जून १९९२ मध्ये, माबो खटल्याच्या निकालाने. एडी माबो आणि त्यांच्या सोबत्यांनी तो १९८२ पासून दहा वर्षं लढवला. निकाल लागला तेव्हा माबो हयात नव्हते, काही महिने आधीच कॅन्सरने गेले. हे काम रॉक बँडने केलेलं नाही.

आणि या बँडच्या ज्या गायकाने, पीटर गॅरेटने, अणुशस्त्रांविरुद्ध निवडणूक लढवली, तोच पुढे पर्यावरणमंत्री झाला आणि २००९ मध्ये त्यानेच फोर माइल या युरेनियमच्या खाणीला मंजुरी दिली. गाणं ठेवा किंवा काढा, पण त्यातून काही घडेल ही आशा ठेवू नका.

पाथर्डी फाटा साउंड

ताई, गाणं काढू नका. आणि आहे तसं ठेवूही नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

माझा साउंडचा धंदा आहे. लग्नं, गणपती, ऑर्केस्ट्रा, सभा, मोर्चे, सगळीकडे आमचे बॉक्स आणि भोंगे लागतात. धंद्यात पडण्याआधी मेन रोडला एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो, तिथं 'डीझल अँड डस्ट' हाती लागली. १९८७ चा अल्बम. इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून कॅसेट मागे घेऊन घेऊन ऐकायचो आणि एकेक शब्द वहीत उतरवायचो.

'बेड्स आर बर्निंग' पुन्हा लावा आणि या कानाने ऐका. सुरुवातीला ब्रासचे तीन दणके, आणि लगेच सगळं खाली येतं. उरतो ड्रम आणि बेस. गॅरेट गात नाही, जवळजवळ बोलतो. पहिल्या कडव्यात मागणी नाही की घोषणा नाही. नदी कुठं फुटते, तिथं झाडं कोणती, मोडून पडलेल्या होल्डन गाड्या, उकळणारं डिझेल, पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. पुढच्या कडव्यात गावांची नावं येतात, किंटोर आणि युएन्डुमू, आणि गाडीच्या आवाजाने बिचकून उडणारे काकाकुवे. हे घरी बसून सुचत नाही. त्या रस्त्याने गाडी हाणलेल्या माणसाला काकाकुवा दिसतो.

ते गेले होते म्हणून दिसला. १९८६ मध्ये, तिकडच्या हिवाळ्यात म्हणजे जुलैत, हा बँड मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आणि उत्तरेकडच्या वस्त्यांमध्ये फिरला. एकटा नाही, वारुम्पी बँडला बरोबर घेऊन. वारुम्पी म्हणजे पापुन्या नावाच्या वसाहतीतली पोरं, बहुतेक मूळ रहिवासी. त्यांनी १९८३ मध्ये लुरिट्जा भाषेत रॉक गाणं रेकॉर्ड केलं होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही मूळ भाषेतलं ते पहिलं. म्हणजे तिथं आवाज आधीच होता. मिडनाइट ऑइल आवाज द्यायला गेले नव्हते. एकाच ट्रकवरून सामान नेऊन, एकाच धुळीत दोघांनी वाजवलं.

आता किंटोर हे नाव का. पिंटुपी नावाचे लोक पश्चिमेकडच्या वाळवंटात राहायचे. १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांना तिथून आणून पापुन्यासारख्या सरकारी वसाहतींत ठेवलं. त्या पट्ट्यावरून तेव्हा ब्रिटिशांच्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्या चालायच्या. वसाहतीत त्यांची दशा झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे लोक उठले, आपल्या मुलखात परत गेले आणि किंटोर वसवलं. गाण्यात जमीन परत करायची भाषा आहे ती या लोकांच्या संदर्भात. कागदावर वाट न बघता आधी जाऊन राहिलेल्यांच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे गाणं कोणाच्या तोंडचं आहे? गोऱ्या माणसाच्या. तो आपल्याच लोकांना म्हणतो की जमीन त्यांची आहे, ती परत करू, निदान भाडं तरी भरू, आपल्याला झोप लागतेच कशी? तो पिंटुपी बनून रडत नाही. सिडनीतल्या पबमध्ये बिअर पिणाऱ्या पोराच्या अंगाखालची गादी पेटवतो.

त्याच अल्बममध्ये 'द डेड हार्ट' आहे. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये उलुरूचा प्रचंड खडक तिथल्या मूळ रहिवासी अनांगु लोकांच्या नावावर परत झाला, त्यावरच्या माहितीपटासाठी ते केलं होतं. त्यात मात्र ते "आम्ही" म्हणून गातात, मूळ रहिवाशांच्या तोंडून. ते आधीचं, 'बेड्स' नंतरचं, मधे तो दौरा. गोऱ्या बँडने हे गावं का, हा प्रश्न त्यांना तेव्हाही विचारला गेला आणि पुढंही. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. मला 'बेड्स'मध्ये जास्त बळ वाटतं, कारण तिथं गाणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलंय. अर्थात हा काही नियम नव्हे. 'ब्लू स्काय माइन'मध्ये (१९९०) ते खाणकामगाराच्या तोंडून गातात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटनूमची निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण, १९६६ ला बंद पडली, पण ती धूळ छातीत घेतलेले लोक पुढं कित्येक वर्षं मरत राहिले. त्या कामगारांचे खटले तोवर कोर्टात गाजले होते, माणसं स्वतः उभी राहून बोलली होती. त्यामुळे ते गाणं उसनं वाटत नाही.

तुमच्या धृपदाकडे येतो. "आम्ही कसली, आम्ही राखली." चाल चांगली असेल, पण तुम्ही कसली नाहीत ना. नेमकं तिथंच लोकांनी तुम्हाला धरलं.

२०१८ च्या मार्चात, सहा तारखेला, सीबीएसला मी उभा होतो. मोर्चा चालू लागला तसा मी आमच्या धंद्याच्या कानाने ऐकत राहिलो. पुढच्या गाडीवर भोंगा होता. आता आवाजाला एक किलोमीटर जायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. रांग लांबत जाते तसा पुढचा शब्द मागे उशिरा पोचतो, मग पोचतच नाही, नुसता गलका होतो. आम्ही साउंडवाले अशा वेळी मधे मधे भोंगे लावतो आणि डिले सेट करतो, म्हणजे मागच्या भोंग्याचा आवाज तेवढाच उशिरा सोडतो. इथं ते काहीच नव्हतं. पण मागच्यांनी पुढच्याची वाट पाहिली नाही. दर पन्नास-शंभर माणसांमागे कोणीतरी स्वतः ओळ धरायचं आणि बाकीचे झेलायचे. एका ठिकाणी घोषणा, तिच्या मागे बायकांचं गाणं, त्यामागे पुन्हा वेगळीच चाल. डोक्यावर गाठोडं, हातात झेंडा, आणि ओळ धरणारी बाई मागे वळून न बघता गातेय, कारण मागून उत्तर येणार हे तिला ठाऊक आहे. मी इतकी वर्षं माइक लावतो, एवढी स्वच्छ सवाल-जवाबाची जुळणी मी स्टेजवर क्वचित ऐकली.

म्हणून सांगतो, त्यांना तुमच्या आवाजाची गरज नाही. कसारा घाट उतरून, शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून झोप न घेता चालून बारा तारखेला आझाद मैदान गाठलेली माणसं आहेत ती. गरज कोणाला असेल तर कॉलेज रोडला. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी आपण खातो, नागलीचे पापड कौतुकाने घेतो, आणि ज्याने पिकवलं त्याच्या नावावर जमीन आहे की नाही हे कधी विचारत नाही. ते गाणं तुमचं आहे. ते गायचा हक्क तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण त्यात तुम्ही स्वतःलाच जाब विचारताय.

शरणपूर रोड साहेब, माबोंचं श्रेय माबोंनाच, त्याबद्दल वाद नाही. पण एक बघा. १९८७-८८ मध्ये हे गाणं कॅनडात, न्यूझीलंडमध्ये आणि वर्णभेद चालू असलेल्या दक्षिण आफ्रिकेत एक नंबरला गेलं. जमीन कोणाची हा प्रश्न या तिन्ही देशांत धुमसत होता. कोर्टाने कायदा बदलला हे खरं, पण नाचायला आलेल्या गर्दीच्या तोंडात "त्यांची आहे, परत द्या" ही ओळ कोर्टाने नाही घातली.

सिन्नरकर

ऑस्ट्रेलियापर्यंत जायचं तर जा, पण वाटेत सिन्नरला थांबा. वामनदादा कर्डक आमच्या तालुक्यातले, देशवंडीचे. अक्षर ओळख मोठेपणी झाली, आणि त्यानंतर आयुष्यभर गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीची गाणी गायली. हजारो गाणी. ते ज्यांच्यासाठी गात होते त्यांच्यातलेच होते, म्हणून त्यांना "आम्ही" म्हणायला कोणाला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे आजही जयंतीला त्यांची गाणी लागतात आणि म्हाताऱ्या बायकांना कडवीच्या कडवी पाठ असतात. रॉक बँडला हे ऐकवा. शब्द साधा ठेवून केवढा भार उचलता येतो ते कळेल.

मात्र वरच्या साउंडवाल्या काकांचं एक पटलं. बाहेरच्याने काहीच करू नये असं नाही. याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड पुढे होते. तो काही वर्षं चालला. त्यात तरुण वयात शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, सामील झाले होते. ज्यांना देवळात जायला कोणी अडवत नव्हतं त्यांच्यातला हा माणूस. त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा विचार करा आणि मग व्हॉट्सॲपवरच्या शेऱ्यांचं ओझं किती घ्यायचं ते ठरवा.

सुरगाण्याची लेक

मी सुरगाणा तालुक्यातली. नोकरीमुळे नाशकात राहते. माझे वडील आणि काकू २०१८ ला चालले, पुढच्या मोर्चालाही गेले. तुमची क्लिप आमच्या नात्यातल्या ग्रुपवरही आली होती. आधी हे सांगते, कोणाला राग आला नाही. पोरं आपल्याबद्दल काहीतरी म्हणतायत याचं माझ्या वडिलांना बरं वाटलं. त्यांनी दोनदा ऐकलं. पण मग म्हणाले, "नाव लागलं सरकारचं असं नाही गं, नाव लागतच नाही हा त्रास आहे." त्यांना गाण्यात ते हवं होतं.

म्हणून जे आहे ते नीट समजून घ्या. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत असेल तिच्यावर हक्क मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा आधी ग्रामसभेकडे, गावच्या वनहक्क समितीमार्फत. मग उपविभाग, मग जिल्हा. आणि मंजूर झाला तर नवरा-बायको दोघांच्या नावाने. ही शेवटची गोष्ट शहरातल्या कोणाला माहीत नसते, आणि आमच्याकडच्या बायकांच्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी. माझ्या आजीच्या नावावर आयुष्यात काही नव्हतं, रेशनकार्डावरही आधी आजोबांचं.

आमचा दावा मंजूर झाला, पण कसतो त्या जमिनीच्या एका तुकड्याचाच. भात, नागली आणि वरई असं वर्षानुवर्षं जिथं घेतो त्यातला उताराचा भाग मोजणीत धरलाच नाही. कागद हातात आहे आणि अर्धं शेत कागदाबाहेर. पुरावा काय द्यायचा? म्हातारी माणसं सांगतात, हा आंबा माझ्या बापाने लावला, हा बांध आम्ही घातला. कायद्यात वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, पण तो लिहून घेणारा माणूस समोर बसून ऐकणारा हवा. तुम्हाला गाणं लिहायचंय ना? तो आंबा लिहा. "भोळा आदिवासी", "जंगलचा राजा" असलं काही नको. आम्ही भोळे असतो तर एवढ्या पावत्या आणि अर्जांच्या पोचपावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीस वर्षं जपल्या नसत्या.

आणि या. उन्हाळ्यात या, तेव्हा लोकांना वेळ असतो. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आलात तर गाणं ऐकायला कोणी बांधावर येणार नाही, उलट तुम्हालाच चिखलात उतरवतील.

शरणपूर रोड

पाथर्डी फाटा, तुमचा मुद्दा वाचला. 'परत द्या' हे गर्दीच्या तोंडात घातलं म्हणता. मग १४ ऑक्टोबर २०२३ चं काय? मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी संस्था राज्यघटनेत आणायची का, यावर ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. साधारण साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्यातले कितीतरी जण हेच गाणं म्हणत मोठे झाले असतील. मला हे खरंच अस्वस्थ करतं. मी टोचायला लिहीत नाही.

पाथर्डी फाटा साउंड

मलाही करतं. त्या निकालाची बातमी मी कामावर वाचली, त्या दिवशी हात चालत नव्हता. या बँडने २०२० मध्ये 'द मकाराटा प्रोजेक्ट' नावाचा अख्खा अल्बम मूळ रहिवासी गायकांना बरोबर घेऊन याच मागणीसाठी केला होता. एवढं करूनही लोक नाही म्हणाले. गाण्याच्या खात्यात ही हार लिहायलाच हवी.

पण त्याच खात्यात दुसरंही आहे. २००० चं सिडनी ऑलिंपिक, समारोप. मूळ रहिवाशांची पोरं आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत वाढवली, त्याचा अहवाल १९९७ ला आला होता. पंतप्रधान जॉन हॉवर्ड सरकारतर्फे माफी मागायला तयार नव्हते. ते त्या रात्री स्टेडियममध्ये बसलेले. हा बँड आला तो काळ्या कपड्यांत, आणि कपड्यांवर जागोजागी पांढऱ्या अक्षरांत फक्त "सॉरी". वाजवलं 'बेड्स आर बर्निंग'. लाखाहून जास्त माणसं समोर आणि जगभरचे टीव्ही. आयोजकांनी जाहीर उत्सवात बोलावलं, आणि त्यांनी पाहुणचार घेऊन घरच्या कर्त्याला तोंडावर सांगितलं. त्यावर देशभर वाद झाला. कोणाला तो अपमान वाटला, कोणाला वाटलं की कोणीतरी बोललं एकदाचं. सरकारी माफी आली १३ फेब्रुवारी २००८ ला, दुसऱ्या पंतप्रधानांच्या तोंडून. गॅरेट त्या सरकारात मंत्री होता.

मंत्रिपदाचं तुमचं म्हणणं खरं आहे. युरेनियमच्या खाणीची मंजुरी माझ्या गळ्याखाली आजही उतरत नाही. पण माणूस बदलला म्हणून त्याने आधी गायलेलं खोटं ठरत नाही. मी त्या गाण्याला त्याच्या खुर्चीशी बांधून ठेवायला तयार नाही. ते एकट्या गॅरेटचं नाहीच, त्यावर ड्रमर रॉब हर्स्ट आणि गिटारवाल्या जिम मोगिनीचंही नाव आहे.

अजून एक प्रसंग, मला धंद्यामुळे फार जवळचा. १९८९ च्या मार्चमध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाज अलास्काजवळ फुटलं, एक कोटी दहा लाख गॅलन तेल समुद्रात. १९९० च्या मे महिन्यात या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये त्या कंपनीच्या इमारतीसमोर उघडा ट्रक आणून लावला आणि भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रस्त्यावर वाजवायला सुरुवात केली. सूट घातलेली माणसं डबा खायला खाली उतरली आणि समोर हे. जागा बघा कशी निवडली. अलास्काच्या कोळ्यांना जाऊन तेल वाईट असतं हे त्यांनी गाऊन सांगितलं नाही. ज्याला ऐकणं भाग होतं त्याच्या दारात वाजवलं.

तेव्हा ताई, सुरगाण्याला जा ते ऐकायला. गायचं ते नाशकात.

गंगापूर नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गच्चीवर हा पूर्ण धागा मोठ्याने वाचला. गिटारवाला आता काढायचं म्हणत नाही, पण धृपद काढायचं हे सगळ्यांना मान्य आहे. सुरगाण्याच्या ताई, "तो आंबा लिहा" हे वाचून आमची गाणारी बराच वेळ गप्प होती. मग तिने खालचं लिहिलं. कच्चं आहे, पण तुमच्या वडिलांना दाखवाल का?

आंबा त्यांचा, बांध त्यांचा,
मोजणीची साखळी कोणाची?
ताटात माझ्या नागली आली,
विचारलं का मी, कोणाची?

परीक्षा संपली की मे महिन्यात आम्ही यायचं म्हणतोय. वाद्यं घेऊन की न घेता? आणि तिकडे पावरी, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारे आहेत असं ऐकलंय. त्यांना नाशिकच्या कार्यक्रमात आमच्याबरोबर वाजवायला बोलावलं तर ते बरोबर दिसेल का?

सुरगाण्याची लेक

दाखवलं. "साखळी" वाचून वडील हसले, म्हणाले आता साखळी कुठं, आता मोबाइलसारखं यंत्र घेऊन येतात आणि झाडाखाली रेंज नाही म्हणून उभे राहतात. तेवढं बदला. बाकी त्यांना आवडलं. "विचारलं का मी" ही ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली.

पहिल्यांदा वाद्यं आणू नका. दोन दिवस राहा, आमच्याकडे जागा आहे. पावरीवाले आमच्या शेजारच्या पाड्यावर आहेत. बोलवा, पण दोन गोष्टी. तुमच्या गाण्याच्या मागे सजावट म्हणून नको, त्यांचं स्वतःचं एक पूर्ण वाजवणं होऊ दे. आणि जाण्या-येण्याचं भाडं आणि मानधन आधी ठरवून हातात द्या. हार-नारळावर पाठवणी नको, ती आमच्याकडच्या कलाकारांची पुष्कळ झाली आहे.

पाथर्डी फाटा साउंड

साउंड माझ्याकडून, पैसे नकोत. ते पैसे पावरीवाल्यांच्या मानधनात घाला.

आता कामाचं. पावरीचा सूर बनवतानाच ठरलेला असतो, तिला तुमच्या ट्यूनरप्रमाणे वरखाली करता येत नाही. मे महिन्यात जाल तेव्हा फोनवर नीट रेकॉर्ड करून आणा आणि गिटार-बेस तिच्या सुराला लावून प्रॅक्टिस करा. कार्यक्रमाच्या दिवशी जुळवत बसलात तर होणार नाही. तिचा आवाज मोठा असतो. माइक शिंगाच्या तोंडाशी लावला तर फाटतो, हातभर लांब आणि थोडा बाजूला लागेल. वाजवणारा नाचत वाजवतो, एका जागी उभा राहणार नाही, त्याला स्टँडशी बांधू नका. मी दोन माइक वरून टांगेन. त्याच्या पायाशी मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ठेवायचा नाही, अडखळेल. ड्रमरला सांगा, पहिलं कडवं संपेपर्यंत काठ्या खाली, फक्त बेस. शब्द ऐकू गेले पाहिजेत, विशेषतः ती "विचारलं का मी".

हॉल ठरला की तारीख कळवा. साउंड चेकला चारला या, सहाला नाही. पावरीवाल्यांचा चेक आधी घेऊ, ते लांबून आलेले असतील.